वळणावर घासलेला स्टँड

कवी रेडिओवर आला म्हणजे तो कवितेवरच बोलणार, असा तुमचा समज असेल. मी आज मोटारसायकलच्या शॉकअपवर बोलणार आहे. कवितेत मी पुष्कळ वळणं लिहिली. पण वळण म्हणजे काय, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कुंभार्ली घाटानं शिकवलं.

आम्ही कऱ्हाडचे. लेक चिपळूणला दिलेली. मध्ये हा घाट. लेकीला बाळ झालं, तेव्हा आम्ही नवरा-बायको आमच्या जुन्या बुलेटवर निघालो. मागं बायको, दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या, कॅरियरवर गुळाची ढेप आणि ज्वारीचं पोतं. घाट उतरताना एका डाव्या वळणावर गाडी कलवली आणि खालून 'खर्रर्र' असा आवाज आला. मधला स्टँड रस्त्याला घासला होता. मागचं चाक क्षणभर हलकं झालं आणि गाडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला सरकली. त्या वेळी समोरून एसटी आली नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे.

पुढं गाडी थांबवली. बायको उतरली. एवढंच म्हणाली, "अजी, येताना मी एसटीनं येणार." आणि आली.

एका गॅरेजवाल्यानं सोपा उपाय सांगितला : स्टँडच काढून टाका. मला पटलंही होतं. पण कऱ्हाडला आमचे जुने मिस्त्री आहेत, त्यांना आम्ही चाचा म्हणतो. ते म्हणाले, "स्टँडचा काय गुन्हा? गाडी बसली म्हणून तो घासला. ती का बसली, ते आधी बघू."

मग त्यांनी टेप काढला. गाडी मधल्या स्टँडवर लावली, म्हणजे मागचं चाक अधांतरी झालं. चाकाच्या आसापासून वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजलं. नंतर गाडी चाकांवर उभी केली. मी बसलो, मागं बायको बसली ('फक्त मोजण्यापुरती' असं बजावून), सगळं सामान लादलं आणि तेच अंतर पुन्हा मोजलं. फरक आला ५० मिलिमीटर. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला सगळी मोकळीक ८० मिलिमीटरची. म्हणजे खड्डा येण्याआधीच निम्म्याहून जास्त मोकळीक आम्ही दोघांनी आणि गुळाच्या ढेपेनं खाऊन टाकली होती. मिस्त्री लोकांचा साधा ठोकताळा असा, की ओझ्यानं गाडी या मोकळिकीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बसावी.

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळं पुढचं गणित माझ्या इंजिनिअर भाच्यानं मांडून दिलं. मी एकटा बसलो, की स्टँडचं टोक जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर असतं. टायरच्या मध्यापासून ते बाजूला २२ सेंटिमीटर. या हिशेबानं गाडी सुमारे ३४ अंश कलेपर्यंत स्टँड टेकत नाही. सगळं ओझं लादलं, की तेच टोक १२ सेंटिमीटरवर येतं आणि गाडी साडेअठ्ठावीस अंशांतच टेकते. तीन सेंटिमीटरनं जवळजवळ सहा अंश गिळले.

"आता मामू, वळणाला किती कलावं लागतं ते बघा," भाचा म्हणाला. २० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३६ किलोमीटरनं घेतलं, तर गाडी २७ अंश कलते. तेच ४० नं घेतलं, तर ३२ अंश. कारण वेग दुप्पट झाला, की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. चार किलोमीटरचा फरक काट्यावर दिसतही नाही. पण साडेअठ्ठावीसची हद्द त्या चारांतच ओलांडली जाते. भरीस भर म्हणजे वळणात गाडी जड होते. ३२ अंश कललेल्या गाडीच्या स्प्रिंगांवर सरळ रस्त्यापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त भार पडतो. म्हणजे आधीच बसलेली गाडी ऐन वळणात आणखी बसते.

चाचांनी पहिला उपाय फुकटातला केला. मागच्या शॉकअपच्या बुडाशी खाचांची एक कडी असते. टूलकिटमधल्या आकड्यासारख्या पान्यानं ती फिरवली, की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. माझ्या गाडीला अशा पाच खाचा, आणि गाडी घेतल्यापासून मी पहिलीवरच होतो! पुष्कळांना वाटतं, कडी फिरवली की स्प्रिंग कडक होते. तसं नाही. स्प्रिंग तीच राहते. फक्त ती खचायला सुरुवात होण्याआधी जास्त वजन लागतं, म्हणून गाडी उंच राहते. दोन्ही बाजूंची खाच मात्र एकच हवी. पाचव्या खाचेवर बसणं ५० वरून ३८ मिलिमीटरवर आलं.

तेवढ्यानं भागेना. एका शॉकअपमधून तेल गळत होतं, स्प्रिंगाही थकलेल्या. मग नवी जोडी घातली, आमच्या वजनाला पेलेल अशा जरा जाड स्प्रिंगची. पुढच्या फोर्कमधलं तेलही बदललं. आता पूर्ण ओझ्यानं गाडी २८ मिलिमीटर बसते. स्टँडचं टोक साडेतेरा सेंटिमीटरवर राहतं आणि टेकण्याची हद्द साडेएकतीस अंशांवर गेली.

मला हाव सुटली. म्हटलं, "चाचा, आणखी लांब शॉकअप घालू या. गाडी अजून उंच होईल." ते हसले. मागून गाडी फार उचलली, की पुढचा फोर्क उभट होतो आणि हँडल चंचल होतं. चेनचा ताण बदलतो. साइड स्टँड तोकडा पडतो, मधल्या स्टँडवर लावली तरी चाक उचललं जात नाही. आणि पाय जमिनीला नीट पोहोचत नाहीत, हे आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यांनी विसरू नये. स्टँड कापणंही त्यांनी नाकारलं. स्टँड गेला, तर त्याच्यामागचा दुसरा काही घट्ट भाग आधी टेकेल. पाय ठेवायचे फूटरेस्ट दुमडणारे असतात. टेकले तरी वर सरकतात. घट्ट भाग मात्र गाडीचं वजन स्वतःवर घेतो आणि चाक रस्त्यावरून उचलतो. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

हिशेब बघा. एवढा खर्च करून मिळाले तीन अंश. म्हणजे ४० च्या वेगानं ते वळण आजही बसत नाही. पण आता मी ते ३५ नं घेतो. तिथं २६ अंश पुरतात आणि हाताशी पाच-साडेपाच अंश शिल्लक राहतात. पूर्वी ३६ वर जेमतेम दीड होता. शॉकअपनं मला वेग दिला नाही, चुकायला थोडी जागा दिली. घाटात डांबरावर खडी असते, गुरं असतात, वळण पुढं जाऊन आणखी आवळतं. त्या वेळी ही जागा कामाला येते.

तेव्हा दोघांनी प्रवासाला निघताना एवढं करा : टायरची हवा बघा, जड सामान खाली आणि पुढं घ्या, आणि शॉकअपची कडी फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे. परत आल्यावर पुन्हा खाली आणायला विसरू नका, नाहीतर एकट्यानं बसल्यावर पाठ तक्रार करते.

दोन महिन्यांनी चिपळूणला पुन्हा निघालो. बायकोनं एसटीचं नाव काढलं नाही. पण तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता. ते वळण आलं. गाडी कलली, खालून आवाज आला नाही. वळण संपलं, तशी तिची बोटं सैल झाली. "गूळ नीट बांधलाय ना?" एवढंच तिनं विचारलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)