वायुसंवेदक : सूत्रापेक्षा भट्टी महत्त्वाची

वायुसंवेदकाचा स्वभाव त्याच्या रासायनिक सूत्रापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत घडवला यावर अधिक ठरतो, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे. अर्धवाहकांची मूलतत्त्वे श्रोत्यांना परिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही. तापलेल्या कथिल ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजन बसतो, इलेक्ट्रॉन अडकवतो व विद्युतरोध वाढवतो, आणि कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूशी त्याचा संयोग झाला की इलेक्ट्रॉन मोकळे होऊन रोध उतरतो, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे.

इलेक्ट्रॉन असे अडकल्याने पृष्ठभागालगत तयार होणारा इलेक्ट्रॉनविरहित पट्टा सुमारे ३ नॅनोमीटर खोल असतो, त्यामुळे स्फटिककण ६ नॅनोमीटरच्या आत आला की तो आरपार वायूच्या प्रभावाखाली येतो आणि संवेदनशीलता झपाट्याने वाढते, हे जपानमधील यामाझोए यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवले. कणाचा आकार मात्र प्रक्रियाच ठरवते. स्पटरिंगमध्ये, म्हणजे आयनांच्या माऱ्याने अणू उडवून ते आधारपट्टीवर बसवण्याच्या पद्धतीत, पट्टी अधिक तापवली तर कण वाढतात, कक्षातील वायूचा दाब वाढवला तर थर अधिक सच्छिद्र होतो, आणि ऑक्सिजन कमी पडला तर स्फटिकात त्याच्या जागा रिकाम्या राहून मूळचाच रोध घटतो.

इटलीतील ब्रेशिया येथे विकसित झालेली पद्धत या दृष्टीने विशेष बोधक आहे. तेथे आधारपट्टी कथिलाच्या २३२ अंश सेल्सिअस या वितळणबिंदूच्या वर ठेवतात, त्यामुळे कथिल सपाट न पसरता सूक्ष्म थेंबांच्या रूपाने साचते. पुढे ऑक्सिजनमध्ये तापवले की प्रत्येक थेंब ऑक्साइड होताना फुगतो, शेजारच्याला टेकतो, आणि वायूला आत शिरू देणारा खडबडीत, सच्छिद्र थर तयार होतो. या उदाहरणाला योजिल्यापेक्षा अधिक वेळ दिला गेला, परंतु मुख्य प्रतिपादन त्यातच सामावलेले आहे.

तागुची यांनी १९६२ मध्ये पेटंटसाठी मांडलेला संवेदक पातळ थराचा नव्हता, तरीही तो घरोघरी पोहोचला, मग एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप सभागृहातून येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की पातळ थर चिपवर मावतो व कमी विजेत तापतो. आणि जाड थराचे गुणही भट्टीतच ठरतात. फोडणीच्या वाफेने संवेदकाची धोक्याची घंटा वाजली तर दोष फोडणीला देता येत नाही.

वेळ संपत आल्याने अनीलिंगचा, म्हणजे थर घडवल्यानंतर तो पुन्हा तापवून स्थिर करण्याचा, केवळ उल्लेख शक्य आहे : हे तापमान वापरातील तापमानापेक्षा कमी राहिले, तर कण वापरातच वाढत राहतात आणि मोजमाप हळूहळू सरकते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासह महाराष्ट्रातील प्रयोगशाळांत असे पातळ थर घडवले जातात. तेथील तरुण संशोधकांनी संवेदनशीलतेच्या आकड्यासोबत तापमान, दाब, ऑक्सिजनचे प्रमाण व अनीलिंगचा कालावधी यांची संपूर्ण नोंद छापावी; त्या नोंदीवाचून तो आकडा दुसऱ्या कोणालाही पडताळता येत नाही.