तंत्रज्ञांना घडवणारे हात

जयपूरला येणारा मराठी प्रवासी जंतरमंतर पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. सवाई जयसिंहांची ही वेधशाळा १७३४ च्या सुमारास पुरी झाली. तेथील सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच असून त्याच्या छायेवरून दोन सेकंदांइतका सूक्ष्म काळ मोजता येतो, असे म्हणतात. जयसिंहांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रीय मानले जातात. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. राजाचे आणि पंडिताचे नाव इतिहासाने जपले. मात्र पंडिताच्या गणितातली रेषा ज्याने संगमरवरावर काटेकोर उतरवली, त्या पाथरवटाचे नाव आपण जाणत नाही. आणि त्याला ते काम शिकवले कोणी, हा प्रश्न तर आपल्या मनातही येत नाही. आज मला या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे. अभियंत्याची कल्पना आणि प्रत्यक्ष चालणारे यंत्र यांच्यामध्ये जो तंत्रज्ञ उभा असतो, त्याला घडवणारे पुढारी कोण?

याचे एक उत्तर याच शहरात सापडते. येथील सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद होते, आणि तेथेच रामचंद्र शर्मा नावाचे अल्पशिक्षित कारागीर कुष्ठरुग्णांना हस्तव्यवसाय शिकवीत असत. त्या काळचे कृत्रिम पाय विलायती धर्तीचे, ताठर आणि बुटाशिवाय निरुपयोगी. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, शेताच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्या माणसाला त्यांचा काय उपयोग? सायकलच्या दुरुस्तीसाठी थांबले असता ट्रकच्या टायरवर रबर चढवताना पाहून शर्मांना व्हल्कनाइज्ड रबराच्या पायाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९६८ च्या सुमारास डॉक्टरांचे शरीरशास्त्र आणि कारागिराचा हात यांच्या मेळातून ‘जयपूर फूट’ साकार झाला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय देशोदेशी नेला. हे घडू शकले, कारण ते कौशल्य एका माणसाच्या बोटांत अडकून न राहता शिकवता येण्याजोगे झाले.

मराठी श्रोत्यांना येथे बडोद्याची आठवण व्हावी. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये तेथे कलाभवन सुरू केले. गज्जर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. परंतु रंगाऱ्याच्या आणि सुताराच्या मुलाला शास्त्र कळावयाचे तर ते त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि देशी भाषांत शास्त्रीय ग्रंथ व परिभाषा तयार करण्याचे काम हाती घेतले. तंत्रशिक्षणाचा पुढारी म्हणावयाचा तो असा.

अमेरिकेतही याच विचाराला कायद्याचे रूप मिळाले. १९९२ च्या कायद्यान्वये तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने प्रगत तंत्रक्षेत्रांसाठी तंत्रज्ञ तयार करण्याची योजना आखली आणि तिचे पुढारपण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सामुदायिक महाविद्यालयांतील शिक्षकांकडे दिले. अभ्यासक्रम ठरवताना ते उद्योगधंद्यांशी सल्लामसलत करतात.

आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तंत्रनिकेतने आहेत. उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. तंत्रनिकेतनात अध्यापक नेमताना आपला नियम पदवी पाहतो. शासनव्यवहारात वावरणाऱ्या माणसाला या नियमाची महती ठाऊक असते. पदवी मोजता येते आणि त्यामुळे वशिल्याला आळा बसतो. परंतु हात मोजता येत नाहीत, म्हणून ते वर्गाबाहेर राहतात. कारखान्याचे तोंडही न पाहिलेला तरुण यंत्रावर व्याख्यान देतो, आणि तीस वर्षे ते यंत्र चालवणारा उस्ताद निवृत्त होऊन घरी बसतो. त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाते.

नियम मोडावा, असे मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरा नियम असावा. अध्यापकाने ठरावीक काळाने काही महिने कार्यशाळेत काढावेत. आणि ज्याचे काम प्रत्यक्ष पाहून पारखले आहे, अशा उस्तादाला अध्यापकाच्या बरोबरीने, मानाने आणि पुऱ्या वेतनावर वर्गात उभे करावे. सेठी आणि शर्मा यांची गाठ एका रुग्णालयात योगायोगाने पडली. अशा गाठी योगायोगावर सोडू नयेत, यासाठीच संस्था असतात.

याच राजस्थानात भडल्याच्या वाळवंटात आज मैलोगणती सौरपट्टे पसरले आहेत. खेड्यापाड्यांच्या रुग्णालयांत नाजूक यंत्रे येऊन पडत आहेत. ती बिघडतील त्या दिवशी दुरुस्त करणारा माणूस जवळ नसेल, तर रुग्णाला त्या यंत्राची किंमत ऐकून काय मिळणार? तो माणूस घडवणाऱ्या गुरूची नेमणूक आपल्याला आजच करावी लागेल.