तुघलक आणि त्याला निवडून देणारे

चो रामस्वामी यांचे ‘मुहम्मद बिन तुघलक’ हे तमिळ नाटक 1968 साली रंगमंचावर आले. चौदाव्या शतकातला सुलतान आणि त्याच्या पदरी राहिलेला प्रवासी इब्न बतूता हे दोघे थडग्यातून जिवंत बाहेर येतात, निवडणूक लढवतात आणि तुघलक चक्क भारताचा पंतप्रधान होतो, अशी त्याची कथा. लोक पोट धरून हसले, म्हणून त्याला फार्स ठरवून खालच्या पंगतीला बसवायचे, ही रीत पडली आहे. साहित्य संमेलनांच्या मांडवात विनोदी अद्भुताच्या वाट्याला हेच येते, आणि हा उघड अन्याय आहे. राजकारणाबद्दल गंभीर नाटकाला जे बोलता आले नाही, ते या नाटकाने बोलून दाखवले.

काळ पक्षांतराचा होता. 1967 च्या निवडणुकीनंतर राज्याराज्यांत सरकारे कोसळत होती. हरियाणात गयालाल या आमदाराने काही दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशभर झाला. नाटकातला तुघलक यावर तोड काढतो: जो पक्ष सोडून येईल, तो उपपंतप्रधान. लाचखोरी थांबत नाही, तर लाचच कायदेशीर.

सगळ्यात धारदार आहे तो भाषेचा निवाडा. 1965 च्या जानेवारीत हिंदीविरोधी आंदोलनाने मद्रास राज्य पेटले होते. हिंदी एका भागाची, इंग्रजी परक्यांची, मग राजभाषा कोणती? तुघलक फारसी जाहीर करतो. ती कुणालाच येत नाही, म्हणजे कुणावरच अन्याय नाही! प्रेक्षक हसतो आणि हसता हसता अडखळतो, कारण तर्कात खोट सापडत नाही. साऱ्या देशाला एका भाषेच्या दावणीला बांधण्याचा हट्ट शेवटपर्यंत ताणला, की तो इथेच येऊन थांबतो. एका भाषेविना राष्ट्र टिकत नाही असे मानणाऱ्यांनी या प्रवेशाला उत्तर द्यावे.

मात्र इथेच चो यांचा हातही सुटला आहे. भाषेसाठी तमिळ तरुणांनी त्या दिवसांत अंगावर तेल ओतून स्वतःला जाळून घेतले. लादणाऱ्याचा हट्ट आणि ज्याच्यावर लादले जाते त्याचा आक्रोश एकाच तराजूत घालणे न्यायाचे नाही. नाटकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हे मान्य केले पाहिजे.

पुढे कळते की हे दोघे तोतये आहेत. लोकांचे डोळे उघडावेत म्हणून रचलेले हे सोंग. वेळ आली की मुखवटा उतरवायचा, असे ठरलेले. पण तुघलक झालेला तरुण सत्तेला चटावतो आणि साथीदारालाच गर्दीच्या तोंडी देतो. गर्दी त्याचे ऐकते. या नाटकाचा खरा आरोपी ही गर्दी आहे. चो यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाला ‘तुघलक’ हेच नाव दिले. 1971 मध्ये नाटकावर चित्रपट आला. गिरीश कार्नाडांचे 1964 चे कन्नड ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले, ते मराठी रसिकांना ठाऊक आहे. तिथे सुलतानाच्या मनाची शोकांतिका आहे. चो यांना सुलतानापेक्षा त्याला निवडून देणाऱ्यांशी भांडायचे आहे, आणि ते भांडण आजही जास्त निकडीचे आहे.

मराठीत ‘तुघलकी कारभार’ म्हटले की सारा दोष एकट्या सुलतानाच्या माथी जातो. 1327 साली दिल्लीहून देवगिरीला राजधानी आणणारा, तिला दौलताबाद म्हणणारा लहरी माणूस, एवढेच डोळ्यांपुढे येते. पण त्याच्या तांब्या-पितळेच्या नाण्यांची हकिकत नीट वाचावी. चांदीच्या टंक्याच्या मोलाने ती चालावीत असा हुकूम निघाला, आणि घरोघरी टाकसाळी सुरू झाल्या, असे इतिहासकार बरनी लिहितो. लोकांनी खोटी नाणी पाडली, त्यांतूनच सारा भरला, घोडे आणि शस्त्रे घेतली. अखेर सुलतानाने हुकूम मागे घेतला आणि खजिन्यातून सोने-चांदी मोजून ती नाणी परत घेतली. रयतेने आणून ओतलेल्या त्या तांब्याचे ढीग पुढे तुघलकाबादेत डोंगरासारखे पडून होते.