खचणारा पाया आणि खड्ड्यातला माणूस



वेदान्तापासून विश्वराज्यापर्यंतचे विषय ज्या व्यासपीठावरून झाले, तेथून आज मला घराच्या पायाविषयी बोलायचे आहे. मी इंजिनियर नव्हे. गवंडी-बिगाऱ्यांच्या संघटनेत माझे आयुष्य गेले. जे थोडे कळले ते त्यांच्या तोंडून आणि मागाहून पुस्तकांतून.

आपल्या पठारावर काळ्या मातीचे राज्य. बसाल्ट खडकाची ही माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकण द्रव्य असते. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. कपाशीला मानवणारी ही माती भिंतीला मानवत नाही. घराच्या मध्यभागाखालची माती झाकलेली असल्याने बरीचशी ओलसर राहते; बाहेरच्या भिंतींखालची मात्र दर पावसाळ्यात उचलते आणि दर उन्हाळ्यात बसते. ही कवाईत भिंतीला सोसत नाही. ती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी फाटते, दार चौकटीत अडकू लागते.

मग आपण दिवाळीला भेगेत सिमेंट भरून रंग काढतो. चैत्रात भेग परत हजर, आणि शिव्या खातो गवंडी! दुखणे तर जमिनीखाली असते.

आधी तपास करावा. भेगेवर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने पक्की करावी व शेजारी तारीख लिहावी. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे असे समजावे. मग पाणी शोधावे. न्हाणीची फुटकी नळी, जोत्याशी साचणारे पन्हळीचे पाणी, उन्हाळ्यात मातीतली ओल शोषणारे भिंतीलगतचे मोठे झाड. पुष्कळ घरांचे दुखणे नळी दुरुस्त करून आणि भोवताली बाहेर उतरती फरसबंदी घालून आटोक्यात येते. झाड मात्र घाईने तोडू नये. माती ओल परत घेऊन फुगते आणि भिंत उलटी उचलली जाते.

एवढ्याने भागले नाही तर पाया खाली न्यावा लागतो. येथे इंजिनियर हवाच. त्याची फी वाचवणे परवडत नाही. भिंतीखाली सबंध चर कधी खणायचा नसतो. तीन-चार फुटांचे तुकडे पाडून, एकमेकांना न लागणारे थोडेच तुकडे एका वेळी उघडावेत. मुरूम किंवा खडक लागला की काँक्रीट भरावे, पण जुन्या पायाखाली दोन-तीन इंच फट ठेवावी. काँक्रीट कठीण झाल्यावर त्या फटीत जेमतेम ओलसर सिमेंट-वाळू ठोकून ठोकून बसवावी. तिने भार घेतल्याशिवाय शेजारचा तुकडा उघडू नये. नवे घर बांधणाऱ्यांसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने बुडाशी फुगीर असलेल्या खांबांची पद्धत रूढ केली. खोल काळ्या मातीत हे खांब साधारण साडेतीन मीटर उतरवतात, म्हणजे ऋतूंची चढउतार त्यांच्या बुडापर्यंत फारशी पोचत नाही.

आता त्या खड्ड्यातल्या माणसाविषयी. डोक्यावर भिंत, दोहो बाजूंना दगाबाज माती. पाच फुटांहून खोल खड्ड्याला फळ्या आणि टेकू दिल्यावाचून माणूस उतरवू नये, उपसलेली माती काठावर रचू नये. फळ्यांचे भाडे वाचते ते त्याच्या जिवावर. म्हणून घरमालकांना माझे सांगणे आहे, की करारात फळ्यांची रक्कम वेगळी लिहून घ्या, आणि खड्ड्यात फळ्या दिसेपर्यंत ती देऊ नका.

इंग्लंडात विंचेस्टरचे कॅथीड्रल असेच खचत होते. पायाखाली कुजट दलदल. खणले की पाणी भरे. १९०६ ते १९११ या काळात विल्यम वॉकर हा पाणबुड्या त्या काळोख्या पाण्यात चाचपडत काँक्रीटच्या पिशव्या रचीत होता. १९६४ साली त्याचा पुतळा बसवला, तो छायाचित्राच्या घोटाळ्याने इंजिनियर फ्रान्सिस फॉक्स यांच्या चेहऱ्याचा! खऱ्या वॉकरचा पुतळा यायला २००१ साल उजाडले. सभागृहातल्या इंजिनियर मंडळींनी रागावू नये.

राहता राहिल्या भिंतीतल्या भेगा. त्या सर्वांत शेवटी बुजवाव्या. काम झाल्यावर काचेची नवी पट्टी लावून एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. पट्टी शाबूत राहिली तर खुशाल रंग द्यावा. तडकली, तर आधी न्हाणीची नळी पुन्हा उघडून पाहावी.