परदेशातली शाळा आणि आपली शिक्षिका



नवऱ्याला इंग्लंडात नोकरी लागली आहे, व्हिसा हातात आला आहे, आता शाळेचा राजीनामा द्यायचा आणि निघायचं, असं ज्यांच्या घरी सध्या चाललं असेल अशा प्राथमिक शिक्षिकांशी मला आज बोलायचं आहे. मी त्याच वाटेनं गेले. सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेत होते, आता लंडनच्या पश्चिमेला रेडिंगजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. मी बोलेन ते फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे, तिथं शिक्षकांची नोंदणीही वेगळ्या मंडळांकडे होते.

इंग्लंडातल्या सरकारी शाळेत वर्गशिक्षक व्हायचं तर क्वालिफाइड टीचर स्टेटस लागतं. शाळेत सगळे त्याला नुसतं क्यूटीएस म्हणतात. आपल्याकडे पदविका आणि टीईटी मिळून जे काम करतात, साधारण तेच तिथं क्यूटीएस करतं. परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांसाठी हे प्रमाणपत्र थेट अर्ज करून मिळवण्याची सोय फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्यानं आखली गेली आणि तीत भारताचं नाव आलं. ही बातमी आपल्या मंडळींत झपाट्यानं पसरली. पण बातमीचा दुसरा अर्धा भाग मागेच राहिला. भारतीय शिक्षकांसाठी ती वाट खुली झाली ती ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता असलेल्यांसाठी. इंग्लंडात माध्यमिक शाळांना या विषयांचे शिक्षक पुरत नाहीत, म्हणून तेवढं दार उघडलं. पहिली ते चौथीला शिकवणारी आपली शिक्षिका त्या दाराबाहेरच राहिली.

मला हे मनापासून खटकतं. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं हे चौदा वर्षांच्या मुलाला बीजगणित शिकवण्यापेक्षा हलकं काम नाही. ज्यांनी दोन्ही केलं आहे त्यांना विचारा. पण नियम आहे तो आहे, आणि असे नियम बदलतही असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तिथल्या शिक्षण खात्याचा त्या वेळचा नियम स्वतः वाचा. मैत्रिणीच्या नणंदेनं सांगितलं, एवढ्यावर विसंबू नका.

मग प्राथमिक शिक्षिकेनं करायचं काय? वाटा आहेत, फक्त लांबच्या आहेत. परदेशात पात्र झालेल्या शिक्षकाला इंग्लंडातल्या सरकारी शाळेत क्यूटीएस नसतानाही चार वर्षांपर्यंत शिकवता येतं. त्याला तिथं चार वर्षांचा नियमच म्हणतात. शाळेनं ठेवून घेतलं तर त्या काळात पगार अपात्र शिक्षकांच्या वेतनश्रेणीत मिळतो, तो कमी असतो. आणि हाताशी पदवी असेल, शिकवण्याचा चांगला अनुभव असेल, तर निव्वळ मूल्यमापनाची वाट आहे. तिथं नव्यानं प्रशिक्षण घ्यावं लागत नाही. परीक्षक तुमच्या वर्गात येऊन बसतात, तुमची कामं बघतात आणि तुम्ही त्यांच्या निकषांवर उतरता का ते ठरवतात. फार तर बारा आठवड्यांत निकाल लागतो. मात्र तिथवर पोचायला पदवी हवी, आणि इंग्रजी, गणित व विज्ञान या तिन्हींत तिथल्या दहावीच्या तोडीची पातळी दाखवावी लागते.

पदवीची गोष्ट मी मुद्दाम बोलते आहे. आपल्याकडे कित्येक जणींनी बारावीनंतर डी.एड. केलं, नोकरीला लागल्या, आणि मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केलं. घर, शाळा आणि रविवारचे संपर्क वर्ग सांभाळून केलेली ती पदवी नुसती ‘असावी’ म्हणून कपाटात पडून असते. ती बाहेर काढा. तिची गुणपत्रकं वर्षवार काढा. परदेशी पदव्यांची तिथल्या पदव्यांशी तुलना करून देणारी यूके एनिक नावाची संस्था आहे. ती शुल्क घेऊन लेखी तुलना देते. ज्यांची पदवी अर्धी राहिली आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे: ती इथं असतानाच पुरी करून मग निघा.

कागदांचं आणखी थोडं बोलते, कारण नोकऱ्या इथंच अडतात.

आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं. मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. म्हणजे दहावीच्या प्रमाणपत्रावर एक बाई, डी.एड.च्या गुणपत्रकावर तीच, शाळेच्या सेवापुस्तकात दुसरी आणि पासपोर्टावर तिसरी. रेडिंगमधल्या शाळेच्या ऑफिसातली बाई हे चार कागद समोर ठेवते आणि विचारते, या तिघी कोण? प्रश्न रास्त असतो. लहान मुलांजवळ कोणाला सोडतो आहोत हे तिला ठाऊक असायलाच हवं. विवाह नोंदणीचा दाखला आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात आलेली नावबदलाची नोंद, हे दोन कागद जवळ असले की तो प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. नसले की महिने जातात, कारण राजपत्राचं काम तिकडून करणं म्हणजे माहेरच्या माणसांना धावपळ.

अनुभवाचा दाखला इंग्रजीत, शाळेच्या लेटरहेडवर आणि तारखांसकट घ्या. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक इयत्ता, पूर्ण वेळ. ‘त्यांची वर्तणूक समाधानकारक होती’ एवढ्या ओळीवर तिथं भागत नाही. आणि मुख्याध्यापकांना सांगून ठेवा की इंग्लंडहून एखादी शाळा ईमेलनं तुमच्याबद्दल विचारेल, तिला उत्तर द्यायचं आहे. तिथल्या शाळा संदर्भ म्हणून दोन माणसांची नावं मागतात, त्यातलं एक शेवटच्या शाळेचंच हवं असतं. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्रही इथूनच घेऊन गेलेलं बरं. तिथं गेल्यावर इंग्लंडची स्वतःची पडताळणी होते, तिला डीबीएस म्हणतात. शाळेच्या नोकरीसाठी लागणारी ती मोठी पडताळणी शाळा किंवा एजन्सी करवून घेते.

आता कामाकडे वळते. बहुतेक जणींची सुरुवात टीचिंग असिस्टंट म्हणून होते. माझीही तशीच झाली. बारा-पंधरा वर्षं स्वतःचा वर्ग सांभाळलेल्या बाईला हे नाव ऐकून वाईट वाटतं, हे मला कळतं. दुसऱ्या बाईंच्या वर्गात एका कोपऱ्यातल्या टेबलापाशी चार-पाच मुलं घेऊन बसायचं, पेन्सिली टोकायच्या, डबे उघडून द्यायचे, कोणाला खरचटलं तर नोंदवहीत लिहायचं. पगार थोडा, आणि तोही शाळा चालू असते तेवढ्याच आठवड्यांचा, फक्त बारा महिन्यांत विभागून दिलेला. तरीही माझं स्पष्ट मत आहे की ही जागा मिळाली तर घ्यावी. इंग्लंडातली शाळा आतून बघायची ती सर्वांत चांगली जागा आहे. ज्यांना तीही लगेच मिळत नाही त्यांनी जवळच्या शाळेत जाऊन मुलांचं वाचन ऐकायला येऊ का असं विचारावं. अशा स्वयंसेवकांची शाळांना गरज असते, आणि त्यांच्या डीबीएसला शुल्क पडत नाही.

त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी काय शिकायला मिळतं त्याचं एक उदाहरण देते. तिथं वाचन फोनिक्सनं शिकवतात. अक्षराचं नाव बाजूला ठेवून आधी त्याचा ध्वनी शिकवायचा, मग ध्वनी जोडून शब्द वाचायचा. माझ्या टेबलाशी पाच वर्षांची एक मुलगी होती. ती ‘कॅट’ वाचताना ‘क, अॅ, ट’ असं म्हणायची, आणि जोडताना तिच्या तोंडून ‘कअॅटअ’ यायचं. वर्गशिक्षिका पुन्हा पुन्हा सांगत, ध्वनी शुद्ध म्हण, त्याच्या शेपटाला स्वर लावू नकोस. मी ऐकत होते आणि मला एकदम आपला पाय मोडका क दिसला. आपल्या पहिलीतल्या मुलाला आपण हेच शिकवतो: क मध्ये अ आहे, तो काढला की पाय मोडतो. मी त्या मुलीला बोट ओठांशी धरून ‘क्’ म्हणून दाखवलं, अगदी कापून, मागे काही न ठेवता. मग ‘ट्’. तिनं दोन-तीनदा केलं आणि शब्द नीट जुळला. त्या दिवसानंतर वर्गशिक्षिकेनं ध्वनींच्या तासाला तो सगळा गट माझ्याकडे दिला. देवनागरी शिकवलेल्या शिक्षिकेचा कान ध्वनींसाठी आधीच तयार असतो. तो तिनं तिथं नीट वापरावा.

पहिलीच्या शेवटी तिथल्या मुलांची वाचनाची एक छोटी चाचणी होते. चाळीस शब्द असतात, त्यातले निम्मे खोटे, कुठल्याही कोशात नसलेले, शेजारी एखाद्या विचित्र प्राण्याचं चित्र. मुलानं पाठ करून वाचलं की ध्वनी जोडून वाचलं, हे त्यावरून कळतं. मला ही कल्पना फार आवडली. आणि चौथ्या यत्तेत, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या वयात, पाढ्यांची चाचणी होते: संगणकावर पंचवीस प्रश्न, एकेकाला सहा सेकंद, बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंत. आपल्या आजीची पिढी तिसापर्यंतचे पाढे आणि पावकी-निमकी म्हणायची. त्या वर्गात बसून मुलांना तालावर पाढे म्हणायला लावताना माझ्या शाळेतली सकाळ आठवायची, आणि मुलांना तो ताल आवडायचाही. पण तिथं मला एक गोष्ट नव्यानं शिकावी लागली. सात आठे छप्पन्न म्हणणाऱ्या मुलाला छप्पन्न का, हे चौकटी मांडून दाखवता आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. तो आग्रह बरोबर आहे, आणि आपल्या शाळांतही तो अधिक असायला हवा.

मुलाखतीचं सांगते. अर्ज म्हणजे ठरावीक नमुन्यातला फॉर्म असतो, नुसत्या बायोडेटावर काम होत नाही. त्यात शालेय शिक्षण संपल्यापासूनचा सगळा काळ भरायचा. मूल लहान होतं म्हणून दोन वर्षं घरी होते, सासऱ्यांचं आजारपण होतं, असं जे असेल ते सरळ लिहायचं. रिकामी जागा ठेवली तर तिच्याबद्दल विचारतात. त्यात कमीपणा काही नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते प्रत्येकाला विचारतात. शिक्षकाच्या जागेसाठी मुलाखतीच्या दिवशी अर्ध्या तासाचा पाठ घ्यावा लागतो, अनोळखी मुलांसमोर, आणि मागे मुख्याध्यापिका वही घेऊन बसलेल्या असतात.

पण सगळ्यांत जड प्रश्न मुलांच्या सुरक्षिततेचाच असतो. तो हटकून येतो. समजा एखादा मुलगा तुमच्याजवळ येऊन म्हणाला, मिस, मला काहीतरी सांगायचं आहे, पण तुम्ही कोणाला सांगणार नाही ना? तुम्ही काय म्हणाल? आपल्या शिक्षिकेच्या तोंडी पहिलं उत्तर येतं ते मायेचं: नाही रे बाळा, सांग तू, मी कोणाला सांगणार नाही. तिथं हे उत्तर चुकीचं आहे. त्यावर जागा जाऊ शकते, आणि जायलाच हवी. मुलाला असं वचन कधीच द्यायचं नाही. शांतपणे ऐकायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, तू सांगितलंस ते बरं केलंस असं म्हणायचं, आणि तुला मदत करता यावी म्हणून मला हे अमुक बाईंना सांगावं लागेल, हे त्याला तिथंच सांगायचं. मग त्याच दिवशी, मुलाच्याच शब्दांत लिहून, शाळेत त्या कामासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे द्यायचं. ज्या मुलाच्या घरी काही भयंकर घडतं आहे त्याला गुपित राखणारी बाई उपयोगाची नाही. हे ज्या दिवशी मनात पक्कं बसलं, त्या दिवसापासून इथल्या माझ्या जुन्या वर्गातल्या काही मुलांचे चेहरे मला वेगळे दिसायला लागले.

ज्यांना मुलांना शिकवण्याची सवय मोडू द्यायची नाही त्यांनी शनिवार-रविवारचे मराठी वर्ग शोधावेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, डॉलिस हिल भागात त्याची स्वतःची वास्तू आहे. आणि आता इंग्लंडात जिथं मराठी कुटुंबं जमली आहेत तिथं गावोगाव मराठी वर्ग चालतात. तिथली मुलं घरी मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. त्यांना शिकवताना परदेशी शाळेतलं मूल कसं विचार करतं ते कळतं, आणि तुमच्या कामाबद्दल लिहून देणारं तिथलं एक माणूसही भेटतं.

वेळेचं एक गणित सांगते आणि थांबते. तिथं शाळा सप्टेंबरात सुरू होतात. उन्हाळ्यात नोकरी सोडणाऱ्या शिक्षकाला ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो, म्हणून सप्टेंबरच्या बहुतेक जागांच्या जाहिराती फेब्रुवारी ते मे या काळात येतात. जुलैत जाऊन पोचलात तर शिक्षकांच्या जागा भरलेल्या असतात. असिस्टंटच्या जागा मात्र वर्षभर निघतात. तेव्हा या उन्हाळ्यात निघणार असाल तर आपल्याकडच्या सुट्टीला शाळेचं ऑफिस बंद होण्याआधी अनुभवाचा दाखला, सेवापुस्तकाची प्रत आणि डी.एड.ची गुणपत्रकं हाती घ्या, आणि राजपत्राचा अर्ज याच आठवड्यात करा.