संप्रेरकांची तपासणी : आकडा आणि त्याचा अर्थ

(मंडळाच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. तरीही आयोजकांनी आम्हांस या विषयावर बोलावयास सांगितले, याचे कारण आमच्या घरी घडलेला प्रसंग.

आमच्या थोरल्या वहिनींचे गुडघे दुखत. बाजारातल्या एका माणसाकडून त्या पांढऱ्या भुकटीच्या पुड्या आणीत. पुडीवर ना नाव, ना औषधाचा तपशील. दुखणे मात्र झटक्यात थांबे. दोन वर्षांत वहिनींचा चेहरा गोल झाला, पोट सुटले, हातपाय बारीक झाले, जरा धक्का लागला की अंगावर काळेनिळे डाग उमटू लागले. रक्तदाब व साखरही वाढली. डॉक्टरांनी पाहताच कॉर्टिसॉल वाढल्याचा संशय घेतला आणि 24 तासांची लघवी तपासावयास सांगितली. पुड्यांचा विषय आम्ही कोणी काढला नाही. त्याला औषध म्हणतात, हेच आमच्या ध्यानात नव्हते.

प्रथम कॉर्टिसॉल म्हणजे काय ते सांगतो. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड जातीची संप्रेरके तयार करतात. कॉर्टिसॉल हे त्यांपैकी प्रमुख. रक्तदाब, साखर, आजाराशी झुंज या सर्वांत त्याचा हात असतो. ते पहाटे वाढते, सकाळी भरात असते आणि मध्यरात्री अगदी खाली जाते. म्हणून सकाळी आठचे रक्त आणि दुपारी चारचे रक्त एकाच मापाने मोजता येत नाही.

आमच्या भाषेत सांगायचे तर रक्ताचा नमुना म्हणजे त्या क्षणाला कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये असलेली रोकड. 24 तासांची लघवी म्हणजे दिवसभराची उलाढाल. शिवाय रक्तातले बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेले असते. थोडेसे मोकळे असते आणि काम तेच करते. लघवीत उतरते तेही हेच मोकळे. गर्भनिरोधक गोळ्यांनी ही प्रथिने वाढतात आणि रक्ताचा एकूण आकडा उगाच फुगतो. असा फुगवटा लघवीच्या तपासणीत दिसत नाही.

पण ही लघवी नीट गोळा करणे सोपे नाही. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, नंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटची धरायची. आमच्या वहिनी दुपारी बाजारात गेल्या आणि दोन वेळची राहिली. आम्हांस वाटले, एवढ्याने काय होते! प्रयोगशाळेने ओळखले. लघवीत क्रिएटिनीन नावाचा पदार्थ रोज जवळजवळ सारख्या प्रमाणात येतो. तो कमी भरला की व्हाउचर गहाळ आहे हे कळते. आम्ही मान खाली घालून पुन्हा गोळा केली.

दुसऱ्या वेळी अहवाल आला आणि डॉक्टरच चकित झाले. चेहरा सांगतो कॉर्टिसॉल जास्त, कागद सांगतो फारच कमी! सकाळी आठचे रक्त घेतले. पुष्कळ प्रयोगशाळा त्या वेळी 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर हा पल्ला देतात. वहिनींचे 1.6 आले. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "ताई, दुसरे काही घेता का?" तेव्हा पदरातून पुडी निघाली.

उलगडा असा झाला. पुडीत डेक्सामेथासोनसारखे तयार स्टेरॉइड मिसळलेले असणार. शरीराला ते बाहेरून मिळाले, म्हणून मेंदूने ग्रंथींना आज्ञा देणे थांबवले व ग्रंथी झोपी गेल्या. तपासणी मोजते ते शरीराचे कॉर्टिसॉल. डेक्सामेथासोन तीत मोजले जात नाही. उलट प्रेडनिसोलोन घेणाऱ्याच्या रक्तात अनेक तपासण्या त्या औषधालाच कॉर्टिसॉल समजून आकडा वाढवून दाखवतात.

असे का होते, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. पूर्वी रसायनाने लघवीला रंग आणून अनेक स्टेरॉइडांचे मिळून एकच माप काढीत. पुढे 1960 च्या सुमारास अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्याची नवी रीत काढली. यालो यांना 1977 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच, 1972 साली, वारले होते. ही रीत एस. टी. च्या जागांसारखी आहे. प्रतिपिंड म्हणजे मोजक्या जागा. खूण केलेले संप्रेरक आणि रोग्याचे संप्रेरक त्यांसाठी चढाओढ करतात. रोग्याचे जितके जास्त, तितक्या खूण केलेल्यांना जागा कमी. पण चेहऱ्यात साम्य असलेला परका प्रवासीही जागा पटकावतो. प्रेडनिसोलोनचे तेच होते. रेणूंना वस्तुमानावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री असा घोटाळा टाळते, पण ती खर्चिक आहे व सर्वत्र मिळत नाही.

त्या रात्री वहिनी म्हणाल्या, "भावजी, आत्ताच्या आत्ता त्या पुड्या चुलीत घालते." पुड्या गेल्या, पण डॉक्टरांनी आधीच बजावले होते, "एकदम काही बंद करायचे नाही." झोपलेली ग्रंथी ऐनवेळी कॉर्टिसॉल देऊ शकत नाही. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, प्राणही जाऊ शकतो. म्हणून पुडीच्या जागी मोजून गोळ्या दिल्या आणि त्या हळूहळू कमी केल्या. ग्रंथी जागी झाली का हे पाहण्यासाठी ती चेतवणारे इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने व तासाने रक्त तपासले. हे सर्व व्हायला सव्वा वर्ष लागले. आज वहिनी घरची कामे करतात. गुडघे अजून दुखतात, पण दुखण्यावरचे औषध चिठ्ठी घेऊन दुकानातून आणतात.

मित्रहो, आपल्या वस्त्यांत अशा पुड्या घरोघर आहेत. म्हणून विनंती एवढीच. बिननावाचे औषध घेऊ नका. घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा आणि मनाने बंद करू नका. मलम, दम्याचा पंप, सांध्यातले इंजेक्शन, सर्व सांगा. तपासणीची वेळ पाळा आणि अहवालाचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्या. आमच्या घरात आकडा खरा होता. हिशेबातली एक नोंद आम्हीच लपवली होती.