समुद्राच्या फाइलींची नावं
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं असं ठरलं आहे. डॉक्टर झाले, वकील झाले, आंब्याचे बागायतदार झाले. माझं काम आहे उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या रंगाच्या माहितीवर. आता आकाशातल्या गमती ऐकायला मिळतील असं तुम्हाला वाटलं असेल, पण मी बोलणार आहे फाइलींच्या नावांवर. विषय रुक्ष आहे खरा, तरी शेवटी तो आपल्या शाळेच्या ऑफिसातल्या कपाटापर्यंत येतो, म्हणून निवडला.

आधी रंगाचं सांगतो. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांच्यातल्या हरितद्रव्यामुळे पाण्याचा रंग थोडा बदलतो आणि तो बदल उपग्रहाला कळतो. जिथे या वनस्पती, तिथे त्यांच्यावर जगणारे जीव, आणि त्यांच्यामागे मासळी. हैदराबादचं ‘इन्कॉइस’ हे केंद्र समुद्राचं तापमान आणि हे हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना देतं. आपल्यातल्या ज्यांच्या घरी होड्या आहेत, त्यांच्या तांडेलांना ती माहीत असेलच. पावसाळ्यात मात्र ढगांच्या आडून उपग्रहाला रंग दिसत नाही.

एक उपग्रह जन्मभर पुरत नाही. नासाच्या बाबतीत बोलायचं तर ‘सीविफ्स’ हे उपकरण १९९७ मध्ये वर गेलं आणि २०१० च्या डिसेंबरात थांबलं. ‘टेरा’ १९९९ मध्ये गेला, ‘एक्वा’ २००२ मध्ये, ‘सुओमी एनपीपी’ २०११ मध्ये, त्याचा धाकटा भाऊ ‘नोआ-२०’ हा २०१७ मध्ये. आपल्या इस्रोचेही ओशनसॅट आहेत, १९९९, २००९ आणि २०२२ चे. आपला अरबी समुद्र पंचवीस वर्षांत बदलला का, या प्रश्नाचं उत्तर यांतला कुणीही एकटा देऊ शकत नाही. सगळ्यांच्या नोंदी एकापुढे एक जोडाव्या लागतात, आणि त्या जोडताना पहिली गाठ पडते ती फाइलीच्या नावाशी.

नासाच्या या फाइलींना पूर्वी आटोपशीर नावं असत. पहिलं एक अक्षर उपग्रहाचं किंवा उपकरणाचं: एक्वाचा ‘ए’, टेराचा ‘टी’, सीविफ्सचा ‘एस’. पुढे वर्षाचे चार आकडे, मग वर्षातला कितवा दिवस त्याचे तीन, मग वेळ. म्हणजे ‘ए २००२१८५’ हा एक्वाचा ४ जुलै २००२. वेळ जागतिक घड्याळाची. दुपारी दोनच्या सुमारास कोकणावरून गेलेल्या एक्वाच्या फाइलीवर सकाळचे साडेआठ दिसतात, तेव्हा नवीन मुलं गोंधळतात.

या पद्धतीत दोन अडचणी होत्या. पहिली दिवसाची. १८५ वा दिवस म्हणजे ४ जुलै, पण २००४ सारख्या लीप वर्षात तोच ३ जुलै. माणसाला नाव वाचून तारीख कळत नाही, हिशोब करावा लागतो. दुसरी अडचण अक्षरांची. ‘व्हीअर्स’ नावाच्या उपकरणाला ‘व्ही’ दिला होता. पुढे तेच उपकरण दुसऱ्या उपग्रहावरही बसलं. वर्गात दोन संजय आले की बाई आडनाव लावून हाक मारायच्या, तसं इथेही उपग्रहाचं नाव मागे शेपटीसारखं जोडावं लागलं.

म्हणून गेल्या काही वर्षांत पद्धत बदलली. आता आधी उपग्रहाचं पूर्ण नाव, मग उपकरणाचं, मग वर्ष, महिना, दिवस सरळ आठ आकड्यांत, मग वेळ. ‘एक्वा, मोडिस, २००२०७०४’. कुणीही वाचावं आणि कळावं. बदल योग्यच होता, यात मला शंका नाही.

पण नावं वाचतात ती माणसं थोडी आणि प्रोग्रॅम फार. जगभरच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं चालत आलेले प्रोग्रॅम आहेत. दुसऱ्या ते पाचव्या अक्षरात वर्ष शोधणाऱ्या प्रोग्रॅमला नव्या नावात ‘एक्वा’चीच उरलेली अक्षरं सापडतात आणि तो अडखळून थांबतो. हे बरं. जो थांबतो, त्याची दुरुस्ती होते.

भीती असते न थांबणाऱ्याची. समजा, ‘ए’ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली घे, एवढंच प्रोग्रॅमला सांगितलेलं आहे. जुनं नावही ‘ए’ने सुरू होतं आणि ‘एक्वा’ही. एकाच फोल्डरमध्ये दोन्ही असतील, तर एकच दिवस दोनदा मोजला जातो. ‘एस’चं आणखी वाईट. पूर्वी ‘एस’ म्हणजे फक्त सीविफ्स. नव्या पद्धतीत सुओमी एनपीपीच्या फाइलीही ‘एस’नेच सुरू होतात. म्हणजे बंद पडलेल्या उपकरणाच्या हिशोबात जिवंत उपकरणाची मापं मिसळायची. कुठे लाल अक्षरं येत नाहीत, आलेख छान निघतो, आणि तो चूक असतो.

याची दुसरी बाजूही ऐका. नाव बदललं म्हणून आतली मापं बदलली असं नाही, आणि नाव तेच राहिलं म्हणून आतलं तेच राहिलं असंही नाही. उपकरण म्हातारं होत जातं, त्याची नजर मंदावते. ती सुधारून सगळ्या जुन्या नोंदी अधूनमधून नव्याने काढल्या जातात. एक्वाच्या फाइलीच्या नावात ही आवृत्ती लिहिलेली नसते. एकाच नावाच्या, वेगवेगळ्या साली उतरवून घेतलेल्या दोन फाइलींत आकडे वेगळे असू शकतात. २०२४ मध्ये गेलेल्या ‘पेस’ उपग्रहाच्या फाइलींत मात्र आवृत्तीचा क्रमांक नावातच घातला आहे, हे चांगलं झालं.

म्हणून आमच्याकडे नव्या मुलांना मी तीन गोष्टी सांगतो. उपग्रह, तारीख आणि आवृत्ती फाइलीच्या आत लिहिलेली असते, ती तिथून वाचा. नाव हा फक्त पत्ता आहे. फाइल कधी उतरवली ते टिपून ठेवा. आणि जुनं नाव कोणतं, त्याचं नवं नाव कोणतं, याची यादी कधीही फेकू नका.

आता आपल्या कपाटाकडे येतो. आपला हजेरी नंबर दरवर्षी बदलायचा. जनरल रजिस्टरचा नंबर मात्र पहिल्या दिवशी मिळाला तो दाखल्यावर छापून आपल्याबरोबर बाहेर पडला. कुणाचं लग्नानंतर नाव बदललं, कुणी आडनाव बदललं, पण त्या नंबरावरून माणूस आजही सापडतो. शाळेची जुनी रजिस्टरं संगणकावर घेण्याचं काम आता सुरू होतंय असं मघाशी सांगण्यात आलं. माझी विनंती एवढीच: नवे क्रमांक जरूर द्या, पण जुना नंबर त्याच ओळीत शेजारी राहू द्या. रजिस्टरात खाडाखोड असेल तर तीही तशीच टिपा. पन्नास वर्षांनी कुणाचा नातू आजीचा दाखला शोधत येईल, तेव्हा त्याच्या हातात जुनाच नंबर असेल.

आणि उद्यापासून या मेळाव्याचे फोटो ग्रुपवर पडतील. त्यांना ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं देऊ नका. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे बॅचचं साल. आपोआप क्रमाने लागतील.

गुरुजी आणि बाईंनी आम्हाला वहीवर नाव, इयत्ता, तुकडी नीट लिहायला लावलं. त्या सवयीवर माझं पोट चाललं आहे.